दुकान वाढवतोय

वर्षातून एकदा मी एकटी मुंबईला जाते. खरेदीला जाते असं घरी सांगते आणि ते खोटं नसतं, पण खरेदी अलिबागेतही होते. ब्लाउजपीस मिळतात, साडीचे फॉल मिळतात, मसाला तर दारावर येतो. रमाकांत, म्हणजे आमचे हे, दरवर्षी विचारतात की एवढ्याशा फॉलसाठी समुद्र ओलांडायची गरज आहे का. आहे, असं मी दरवर्षी सांगते. मग ते सोबत येऊ का म्हणतात आणि मी नको म्हणते. नवऱ्याला घेऊन खरेदीला जायचं म्हणजे "झालं का?" हा प्रश्न ऐकत दुकानं पालथी घालायची, आणि त्यात कसला आलाय आराम.

यंदा जानेवारीत गेले. सकाळी मांडव्याहून रो-रो पकडली. थंडीत समुद्र शहाण्यासारखा वागतो. वरच्या डेकवर खुर्ची धरली, चहा घेतला, आणि शेजारच्या बाई "तुम्ही कुठल्या?" म्हणून सुरू होणार असं दिसल्यावर सरळ डोळे मिटून घेतले. उभी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या कचेरीत लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात घालवली. या एका दिवशी मी कोणालाही उत्तर द्यायला बांधील नाही.

जन्म माझा गिरगावातला. सगळं जग मुंबईत येत होतं तेव्हा मी लग्न करून मुंबईतून बाहेर गेले. त्यामुळे भाऊच्या धक्क्यावर उतरले की मला पाहुणी म्हणायचं की माहेरवाशीण, हे माझं मलाच ठरवता येत नाही. टॅक्सीवाल्याला मात्र मी माहेरवाशिणीच्या थाटात रस्ता सांगते.

पहिलं लालबाग. मी मूळची खोड काढणारी बाई, लग्नाच्या पंगतीत मिठापासून मांडवापर्यंत मला सगळ्यात काहीतरी खुपतं, पण लालबागच्या मसाला गल्लीत माझी बोलती बंद होते. नाकात ठसका, डोळ्यांत पाणी, आणि समोर मिरच्यांची पोती. बेडगी, संकेश्वरी, लवंगी. तिथल्या बायका मिरची विकत घेत नाहीत, तिची परीक्षा घेतात. माझ्या पुढे उभ्या असलेल्या मालवणी काकूंनी एक मिरची मोडली, बी चाखलं आणि दुकानदाराकडे न बघताच निकाल दिला, "ह्येका नुसतो रंग आसा, तिखटाचो पत्तो नाय." दुकानदाराने निमूटपणे दुसरं पोतं उघडलं. मीही मग त्याच दुसऱ्या पोत्यातली घेतली. त्रिफळं घेतली, दगडफूल घेतलं, चिवडा गल्लीतून पातळ पोह्यांचा चिवडा घेतला, आणि पिशवीचा वास घेत बसने दादरला आले.

दादरला मला काहीच घ्यायचं नव्हतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त वेळ लागला. रानडे रोडवर फुटपाथ असा काही भरलेला असतो की माणूस चालत नाही, वाहतो. मी वाहत गेले. एक झारा घेतला, वातींचं पाकीट घेतलं, मुलीसाठी दोन गाऊन घेतले. अबोलीचा गजरा घेतला आणि तो घरी न्यायच्या ऐवजी तिथेच केसांत माळला. गजरेवाली मुलगी म्हणाली, "मस्त दिसतोय, मावशी." विकण्यासाठी म्हणाली असेल, पण मी तर तो आधीच विकत घेतला होता. एका जुन्या उपाहारगृहात थालीपीठ खाल्लं, वर थंडगार पियूष प्याले. एकटीने जेवताना कोणाच्या ताटाकडे लक्ष ठेवावं लागत नाही, त्यामुळे मला थालीपिठाची कडा किती खुसखुशीत होती हेसुद्धा अजून आठवतंय.

हे सगळं झालं, पण ही सगळी आसपासची प्रदक्षिणा. देव गिरगावात. ठाकूरद्वारच्या अलीकडे एका बोळात मीनाक्षीवहिनींचं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, रिळं. माझ्या पिशवीत दिवाळीत आलेल्या तीन साड्या होत्या, त्यांना तिथूनच मॅचिंग घ्यायचं म्हणून मी त्या दोन महिने कपाटात तशाच ठेवल्या होत्या. दुपारची दुकानं बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन केला. फोन मानसीने घेतला. मानसी म्हणजे वहिनींची सून, सौमित्रची बायको. मागे काहीतरी ओढल्या-सरकवल्याचा आवाज येत होता.

"या ना काकू, आजच या," ती घाईघाईने म्हणाली. "रविवारी आम्ही दुकान वाढवतोय. पुढच्या आठवड्यात आला असतात तर इथे काहीच सापडलं नसतं." आणि कोणाला तरी हाक मारत तिने फोन ठेवला.

पियूषचा रिकामा ग्लास समोर होता. मी त्याच्याकडे बघत बसले.

आमच्या चाळीत अशुभ शब्द तोंडातून काढत नसत. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. आणि रात्री फळ्या लावणारा वाणी दुकान बंद करत नसे, वाढवत असे. जे संपतं त्याला वाढलं म्हटलं की ते पुन्हा येतं, असा आमचा साधा हिशोब. रोज रात्री वाढवलेलं दुकान सकाळी उघडतं हे लहान पोरालाही ठाऊक असे. पण वार सांगून वाढवलेलं दुकान पुन्हा उघडत नाही, हेही ठाऊक असे. आमच्या नाक्यावरची किती दुकानं अशी वार सांगून वाढवली गेली, ते मी इकडे आले की दरवर्षी बघतेच.

म्हणजे हेही गेलं. आणि सांगते कोण, तर सून, फोनवर, घाईत. मला इतका राग आला की मी बिलाबरोबर आलेली बडीशेपही घेतली नाही. राग आला म्हणजे खरं तर मला भीती वाटली होती. ते दुकान नसेल तर पुढच्या जानेवारीत मी रमाकांतना काय सांगून निघणार? मिरच्यांसाठी कोणी समुद्र ओलांडत नाही. माझा स्वतःचा म्हणून वर्षात एकच दिवस आहे आणि त्याचा खुंटा त्या बोळात पुरलेला आहे.

दादरहून जमिनीखालच्या मेट्रोने निघाले. एरवी मी त्या मेट्रोचं कौतुक करताना थकत नाही. सरकते जिने, गारवा, आणि आपल्या डोक्यावरून अख्खी मुंबई चाललीय आणि आपण खालून ऐटीत बसून जातोय याची गंमत. त्या दिवशी मात्र मी फक्त मीनाक्षीवहिनींचा विचार करत होते.

त्या लग्न होऊन गिरगावात आल्या तेव्हा मी शाळेत होते. नवी नवरी आठवड्याभरात गल्ल्यावर बसली म्हणून चाळीतल्या बायकांनी नाकं मुरडली, आणि महिन्याभरात त्याच बायका त्यांच्याशिवाय कोणाकडून कापड घेईनाशा झाल्या. वहिनी ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाहीत. साडी हातात घेतली की त्या उठतात आणि गिऱ्हाइकाला घेऊन सरळ पायरीवर येतात. तिथे दिवसाच्या उजेडात पदर धरतात. आधी साडीकडे बघतात आणि मग नेसणारीकडे. मुली वाइन म्हणोत की टील म्हणोत, वहिनींकडे रंगांना आपली नावं असतात. आमसुली, मोतिया, वांगी, चिंतामणी, जांभळाच्या सालीचा. आणि पटलं नाही तर विकत नाहीत. "हा तू घेशील, पण घालणार नाहीस," असं तोंडावर सांगून त्यांनी मला किती वेळा रिकाम्या हाताने परत पाठवलंय. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी माझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सगळ्या ब्लाउजना आतून दोन बोटं शिवण जास्त सोडायला सांगा. आई संकोचली, मी लाजले. ते ब्लाउज मी दोन बाळंतपणांनंतर उसवून वापरले, आणि दर वेळी उसवताना वहिनींना नमस्कार केला, मनातल्या मनात.

मनातल्या मनातच. दुकानदाराला असं कोणी बोलून दाखवतं का? आपण पिशवी उचलतो, "येते हं" म्हणतो आणि निघतो. गिरगाव स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मी ठरवलं की आज बोलून टाकायचं. मग लोकांना मी वेडी वाटले तरी चालेल.

बोळात शिरले तर दुकानाची दशा बघवेना. मांडण्या रिकाम्या, कापडाचे तागे चादरींत बांधलेले, रिळांचे डबे पायरीवर रचलेले. मानसी स्टुलावर चढून भिंतीला मोजायची टेप लावत होती. आणि मीनाक्षीवहिनी गल्ल्यामागे नव्हत्या. गल्लाच नव्हता. त्या दाराबाहेर एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर रिळांचा एक डबा घेऊन, आणि रंगांप्रमाणे रिळं लावत होत्या.

"आलीस, नलू," त्या म्हणाल्या. "गजरा छान आहे. साड्या काढ."

मी साड्या काढल्या. त्यांनी बसल्या बसल्याच उजेडात धरल्या. पहिलीला म्हणाल्या आमसुली, दुसरीला म्हणाल्या मोतिया, आणि तिसरी मला दिली कोणी ते विचारलं. नणंदेने दिली म्हटल्यावर म्हणाल्या, वाटलंच. मानसीने गाठोडी सोडून बरोबर तेच कापड काढून दिलं, एकदाही चुकली नाही. हे मला मान्य करायला हवं, की फोनवर जिच्यावर मी इतकी चिडले होते ती मुलगी सासूचे सगळे रंग नावानिशी शिकलेली होती. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं आणि तेच मला सोसवेना. दुकान वाढवायला निघालेली बाई इतकी शांत कशी, ते मला कळत नव्हतं.

कापड कागदात बांधून झालं आणि मानसी पुन्हा स्टुलावर चढली. मी पिशवी उचलली, आणि खाली ठेवली.

"वहिनी, मला एक बोलायचंय," मी म्हणाले. "मी दरवर्षी इथे फॉलसाठी येत नाही. फॉल अलिबागला मिळतात. मी तुम्हाला बघायला येते. तुम्ही साडी उजेडात धरता आणि मग माझ्याकडे बघता ना, तसं निरखून मला दुसरं कोणी बघत नाही. घरीसुद्धा नाही. तुमच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. दुकान वाढवताय, त्याला माझा काही इलाज नाही, पण हे न सांगता गेले असते तर जन्मभर मनाला लागून राहिलं असतं."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मानसी स्टुलावरून खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, आणि तिला हसू आवरेना.

"अहो काकू, बंद कुठे करतोय? शेजारचा घड्याळवाल्यांचा गाळा घेतला आम्ही. रविवारी ही मधली भिंत काढतोय. दुकान वाढवतोय म्हणजे मोठं करतोय हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर सावरत मी काहीतरी पुटपुटले, की आमच्या वेळी वाढवणं म्हणजे वेगळं असायचं, आणि मानसी म्हणाली की हा अर्थ तिला माहीतच नव्हता, बरं झालं कळला, नाहीतर तिने बाहेर पाटीच लावली असती. मग मीही हसले. आनंदही झाला होता ना. दुकान राहणार होतं, वर दुप्पट होणार होतं, माझा जानेवारी शाबूत होता. आम्ही दोघी हसत होतो आणि मीनाक्षीवहिनी हसत नव्हत्या.

"हसू नकोस, मानसी," त्या म्हणाल्या. "ती बरोबर समजली."

त्यांच्या हातात एक पोपटी रीळ होतं. ते कुठल्या खणात ठेवायचं हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या ते धरून बसल्या होत्या.

"दुकान मोठं होतंय ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "वाढवलंय ते मला. रविवारपासून मी वर घरात. इथे बसायची नाही."

मानसीचं हसू जागच्या जागी विरलं. "असं का बोलताय?" ती म्हणाली. "तुम्हीच तर म्हणालात, दिवाळीनंतर, जेवताना, की आता बास झालं, दुकान तू बघ, मी घरी बसते. तुमचे गुडघे दुखतात, जिना चढताना तुम्हाला धाप लागते, सौमित्रलाही काळजी वाटते. मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला आराम मिळावा म्हणून हो म्हटलं."

"लगेच हो म्हटलंस," वहिनी म्हणाल्या. "तेच."

मानसीला काही कळेना. ती माझ्याकडे बघू लागली, जणू मी दुभाषी. आणि खरोखर त्या क्षणी मी दुभाषीच होते, कारण वहिनींचं मला लख्ख कळलं होतं. मानसीची पिढी सरळ. नको म्हटलं की नको, हो म्हटलं की हो. आमच्यात पहिलं नको हे नको नसतंच. ते बोलायची रीत असते.

"अगं, पानावर बसलेला माणूस बास म्हणतो," मी तिला म्हणाले, "तेव्हा तू जिलबीचं ताट उचलून आत नेतेस का?"

मानसीने हातातली टेप खाली ठेवली आणि कपाळावरचे केस मागे सारले. तिला रडू येत होतं की राग, सांगता येत नव्हतं. बहुतेक दोन्ही. "मला वाटलं त्यांना खरंच नकोय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, मी थांबवलं तर मी त्यांना कामाला जुंपतेय असं होईल."

वहिनी डब्यात बघत होत्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना तोंडावर खरं सांगितलं, तिला स्वतःपुरतं एवढं साधं वाक्य सुनेला सांगता आलं नव्हतं. दिवाळीपासून ती वाट बघत होती. भिंतीची मापं घेतली जात होती, मांडण्या रिकाम्या होत होत्या, आणि ही बाई रोज खाली येऊन बसत होती, की कोणीतरी एकदा म्हणेल. मला त्यांच्याजवळ जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला, पण ते माझं काम नव्हतं. मी मानसीला खुणेने सांगितलं, जा.

मानसी पायरीवर, त्यांच्या खुर्चीपाशी बसली.

"आई, दुकानात बसा."

"नको गं," वहिनी लगेच म्हणाल्या. "माझं काय आता. तुम्ही नव्या पद्धतीने करा."

मानसीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुन्हा.

"असं नाही. तुम्ही यायचंच. बायका तुम्हाला विचारत येतात, मला नाही."

"जिना उतरवत नाही मला."

"मी हात धरून आणेन. दुपारी वर नेईन, संध्याकाळी परत आणेन."

"उगाच तुमच्या मध्ये मध्ये," वहिनी म्हणाल्या, आणि पोपटी रीळ चुकीच्या खणात ठेवलं.

आता ही पोरगी बरं म्हणून उठते की काय, अशी मला धास्ती वाटली. पण ती उठली नाही. तिने सासूच्या मांडीवरचा डबा काढून बाजूला ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलली तेव्हा तिचा आवाज चिरकला होता, आणि हे काही मी शिकवलेलं नव्हतं.

"आई, मला एवढ्या मोठ्या दुकानाची भीती वाटते. रंग मला येतात, पण नको कसं म्हणायचं ते येत नाही, मी सगळ्यांना सगळं विकेन. तुम्ही येणार नसाल तर रविवारी भिंतीला हात लावू देणार नाही मी कोणाला."

मीनाक्षीवहिनींनी पदराने नाक पुसलं. एकदा रिकाम्या मांडण्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग बराच वेळ सुनेकडे, अगदी निरखून.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "एवढं म्हणतेस तर येते."